कोंबड्या सोडवणारी मुलगी आणि माझी पीएच.डी.

माझ्या शोधप्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात ‘कोडी’ या एका शब्दावर नऊ पाने खर्ची पडली आहेत. पहिल्या मसुद्यात त्याच जागी एक शून्य होते. त्या शून्यापासून नऊ पानांपर्यंत यायला मला जवळजवळ दोन वर्षे लागली आणि पीएच.डी. म्हणून मी जे काही केले त्यातले बहुतेक सगळे त्या दोन वर्षांतच घडले. म्हणून हे अनुभवकथन प्रवेशपरीक्षेपासून पदवीपर्यंत सारख्या गतीने चालणार नाही.

मी सोलापूरच्या पूर्व भागात, मराठी माध्यमाच्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. पूर्व भाग म्हणजे यंत्रमाग, टॉवेल, चादरी आणि विड्या. हातमाग आणि कापडगिरण्यांच्या ओढीने तेलंगणातून आलेली पद्मशाली कुटुंबे इथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात आणि घरात तेलुगू बोलतात. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडून आलेल्या घरांत कन्नड असते, काही गल्ल्यांत उर्दू. महापालिकेच्या शाळाही मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दू माध्यमांतून चालत आल्या आहेत. पण ‘पुढे मराठीच लागते’ या हिशेबाने अनेक पालक मुलांना मराठी शाळेत घालतात. माझ्या वर्गात मधल्या सुट्टीत तेलुगू चालते, घंटा झाली की मराठी. एम.ए. मराठीला असताना भाषा म्हणजे वाङ्मय, असा माझा समज होता. पहिलीच्या वर्गावर पहिल्याच महिन्यात तो मोडला.

वर्गातली एक गोष्ट मला अनेक वर्षे बोचत होती. काही मुले तिसरीत धडा घडाघडा वाचत आणि त्यावरचा साधा प्रश्न विचारला की गप्प बसत, किंवा भलतेच काही सांगत. शिक्षकखोलीत याचे उत्तर तयार असे : ‘घरी मराठी नाही, पालक अशिक्षित आहेत, काय करणार?’ हे उत्तर मीही अनेकदा दिलेले आहे. संशोधन करावेसे वाटले ते या उत्तराचा कंटाळा आल्यामुळे.

प्रवेशपरीक्षेविषयी फार सांगण्यासारखे नाही. निम्मा पेपर संशोधनपद्धतीचा, निम्मा विषयाचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमावलीनुसार नोंदणी झाली, नोकरी सांभाळून शिकण्यासाठी संस्थेचे ना हरकत पत्र मिळवावे लागले आणि कोर्सवर्कसाठी कित्येक रविवार गेले. तिथे चल, परिकल्पना, न्यादर्श (म्हणजे अभ्यासासाठी निवडलेला नमुना) हे शब्द अंगवळणी पडले. संख्याशास्त्राच्या तासाला मी सुरुवातीला घाबरून मागच्या बाकावर बसत असे. नंतर लक्षात आले की दोन गटांतला फरक तपासणारे टी-मूल्य काढणे हा सगळ्यात सोपा भाग आहे, कारण ते संगणक काढतो. नेमके काय मोजायचे, हे मात्र संगणक सांगत नाही.

खरा अडसर शीर्षकाने घातला. मी आराखड्याला ‘बहुभाषिक परिसरातील मुलांची भाषा व साक्षरता’ असे नाव दिले होते. संशोधन मान्यता समितीपुढे सादरीकरण सुरू होऊन दोन मिनिटे झाली नसतील तोच एका सदस्यांनी विचारले, ‘साक्षरता म्हणजे प्रौढ शिक्षण ना? मग प्राथमिकची मुले कशाला घेतलीत?’ दुसऱ्यांचे म्हणणे पडले की हा विषय मराठी विभागाचा आहे, शिक्षणशास्त्राचा नाही. मला तेव्हा राग आला होता. आता वाटते, पहिला प्रश्न अगदीच गैर नव्हता. मराठीत ‘साक्षरता’ म्हटले की कंदिलाच्या उजेडात पाटीवर सही गिरवणारी आजी डोळ्यांपुढे येते. अक्षरओळख झाली, सही आली की माणूस साक्षर झाला. इंग्रजीतल्या ‘लिटरसी’ या शब्दात वाचणे, लिहिणे, वाचलेल्याचा अर्थ लावणे आणि ते सगळे जगण्यात वापरणे इतके मावते. आपल्याकडे त्याला एकच सोयीचा शब्द नाही. मी महिनाभर ‘वाचन-लेखन विकास’ आणि ‘आरंभिक साक्षरता’ यांच्यात हेलकावे खाल्ले. शेवटी मार्गदर्शक सर म्हणाले, ‘बाई, दुसरा घ्या, आणि पहिल्या प्रकरणात चार पाने खर्च करून त्याचा अर्थ तुम्हीच ठरवा. व्याख्या करणे हाही प्रबंधाचाच भाग आहे.’ त्या चार पानांच्या सोळा झाल्या आणि सरांनी त्या पुन्हा सहावर आणल्या.

पूर्वसंशोधनासाठी शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, मराठी वाचनाशी संबंधित प्रबंध शोधले. माझ्या हाती लागलेल्यांतील बहुतेकांचा साचा एकच होता : एखादा उपक्रम घ्यायचा, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, प्रायोगिक गट, नियंत्रित गट आणि शेवटी उपक्रम परिणामकारक ठरला. मूल वाचताना नेमके काय करते, कुठे अडते आणि अडल्यावर काय युक्ती लढवते, हे त्यांत क्वचितच सापडे. संशोधक सोनाली नाग यांचे कन्नड वाचनावरचे २००७ चे काम हाती आले तेव्हा पहिल्यांदा आपल्या वर्गाचे वर्णन वाचतो आहोत असे वाटले. इंग्रजीतल्या मुलाला २६ अक्षरे शिकायची असतात. अक्षरमालेच्या लिप्यांत चिन्हांचा संच कितीतरी मोठा असल्यामुळे तो पक्का व्हायला अनेक इयत्ता जातात, हे त्यांनी दाखवले आहे. मराठीचाच हिशेब करावा : ३४ व्यंजने आणि बाराखडीतली १२ रूपे धरली तरी चारशेच्या वर चिन्हे होतात, जोडाक्षरे वेगळीच. आपण मात्र पहिलीच्या दिवाळीपर्यंत बाराखडी ‘संपवतो’. शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांतल्या आरंभिक वाचन-लेखनाचा तीन वर्षांचा अभ्यास २०१७ मध्ये अहवालरूपाने आला. त्यातला मराठीचा भाग पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्याचा आणि कन्नडचा कर्नाटकातल्या यादगीरचा होता. सोलापूर या दोन भाषांच्या सीमेवर असल्याने तो अहवाल मी अक्षरशः खुणा करकरून फाडला. द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांची १९७९ ची मांडणीही, म्हणजे पहिल्या भाषेत कमावलेली समज दुसऱ्या भाषेत वाहून नेली जाते हा विचार, मी याच काळात रात्री जेवणे उरकल्यावर शब्दकोश शेजारी ठेवून वाचली. इंग्रजी लेख समजायला मला वेळ लागे. धडा वाचून गप्प बसणाऱ्या मुलांच्या जागी मी स्वतः बसले होते, ही गोष्ट तेव्हा मनात आली आणि मी ती झटकून टाकली. संशोधनात स्वतःचे आणू नये, असे कोर्सवर्कमध्ये सांगितले होते.

क्षेत्रकार्यासाठी तिसरीतली तेलुगूभाषक घरांची मुले निवडली. परवानग्यांचे कागद गोळा करण्यात एक सत्र गेले. मुलांकडून वाचून घ्यायचे, ध्वनिमुद्रण करायचे, प्रश्न विचारायचे, थोडे लिहून घ्यायचे आणि नंतर घरी जाऊन घरात छापील काय काय असते ते पाहायचे, असा आराखडा होता. ‘असर’ या ग्रामीण मुलांच्या वाचन-गणिताच्या सर्वेक्षणाची अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशी चढती साधने २००५ पासून देशभर वापरात आहेत. ती झटपट पातळी कळण्यासाठी आहेत आणि त्या कामाला चोख आहेत. मला पातळीपलीकडचे हवे होते म्हणून मी स्वतःचे उतारे लिहिले, तज्ज्ञांकडून तपासून घेतले आणि पथदर्शी चाचणीही घेतली.

घरभेटींत जे पाहिले ते आराखड्यातल्या रकान्यांत बसेना. ‘घरात पुस्तके किती?’ या रकान्यात शून्यामागून शून्य भरत मी एका घरी बसले होते. आई विड्या वळत होती : मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी कापलेल्या पानांचा ढीग. हजार विड्या झाल्याशिवाय दिवसाची मजुरी भरत नाही, त्यामुळे माझ्याशी बोलतानाही तिचा हात थांबत नव्हता. शाळेची पायरी न चढलेल्या त्या बाईने विड्या जमा केल्याचे पुस्तक काढून मला दाखवले आणि त्यात गेल्या शनिवारी दिलेल्या विड्या कमी मांडल्या आहेत, हे बोट ठेवून सांगितले. मुलगी ते आकडे तिला वाचून दाखवत असे, आणि महिन्याचा हिशेब आईच्या डोक्यात असे. रेशनकार्ड, बँकेचे पासबुक, विडीच्या बंडलाची लेबले, देवाच्या फोटोखाली तेलुगू लिपीतल्या दोन ओळी, भिंतीवर मराठी कॅलेंडर. हे सगळे त्या मुलीच्या डोळ्यांपुढे रोज होते आणि माझ्या प्रश्नावलीप्रमाणे त्या घरात वाचनसाहित्य नव्हते. तो रकाना मी त्याच रात्री खोडला. ‘ती घरी आमच्यासंगट तेलुगूच बोलती की, बाई,’ निघताना तिची आई म्हणाली, जणू काही चूक कबूल करावी तशी.

मुलांच्या लेखनात मला आधी नुसत्या चुका दिसल्या. ‘भाकरी’चे ‘बाकरी’, ‘घर’चे ‘गर’, ‘दूध’चे ‘दूद’, एकाने ‘बस’चे ‘बस्सु’. मी इमानाने चुकांचे प्रकार पाडले, वारंवारिता काढली, रंगीत स्तंभालेख केला आणि सरांना नेऊन दाखवला. सरांनी तो पाहिला आणि इतकेच विचारले, ‘ख, घ, भ चुकतात, क, ग, ब चुकत नाहीत. का?’ मला सांगता आले नाही. ‘तुम्हाला तेलुगू येते?’ नाही. ‘मग हे कोण सांगणार?’

सांगणारे माणूस शाळेपासून दोन गल्ल्यांवर राहत होते. तेलुगू माध्यमाच्या शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी, वय सत्तरीच्या पुढे. ते म्हणाले की तेलुगू लिपीत ख, घ, भ यांसारखी महाप्राण अक्षरे आहेत, पण रोजच्या बोलण्यात ती कोणी फारशी उच्चारत नाही. आणि तेलुगू शब्दाला शेवटी स्वर लागतो, म्हणून ‘बस’चे ‘बस्सु’ होते. मुले कानाने ऐकतात तसेच, तंतोतंत लिहीत होती. मी ज्याला ध्वनिजाणिवेचा अभाव असे लेबल लावले होते, ती उलट ध्वनींची चांगली जाण होती, फक्त दुसऱ्या भाषेतली.

मग गुरुजी रोज संध्याकाळी माझ्याबरोबर बसून ध्वनिमुद्रणे ऐकू लागले. मानधनाचे नाव काढले की रागावत. चहा मात्र दोनदा लागे. एका उताऱ्यात मी लिहिले होते : ‘आजोबांनी कोडी घातली. मुलांनी कोडी सोडवली.’ एका मुलीने हा उतारा एकही अडखळ न घेता वाचला होता. मी विचारले होते, ‘मुलांनी काय केले?’ ती म्हणाली होती, ‘कोंबड्या सोडल्या.’ मी तिला पुन्हा एक संधी दिली होती, ‘नीट आठव बरं,’ आणि ती ठामपणे म्हणाली होती, ‘आजोबांनी कोंबड्या आत घातल्या, मुलांनी सोडल्या.’ नोंदपत्रकात मी आकलनासमोर शून्य मांडले होते आणि शेऱ्यात ‘असंबद्ध उत्तर’ असे लिहिले होते.

गुरुजींनी ते ऐकले, मला थांबवायला सांगितले आणि हसू लागले. तेलुगूत ‘कोडि’ म्हणजे कोंबडी.

त्या दोन वाक्यांकडे मी पुन्हा पाहिले. कोंबड्या घातल्या, कोंबड्या सोडवल्या. अर्थ लागतो. घालणे, सोडवणे ही क्रियापदेही बसतात. त्या मुलीला मराठी कोडे माहीत नव्हते, पण वाक्य निरर्थक असू शकत नाही हा वाचकाचा विश्वास तिच्यापाशी होता, आणि त्या जोरावर तिने स्वतःच्या भाषेतला शब्द उचलून एक सुसंगत गोष्ट उभी केली होती. असंबद्ध काही असेलच तर तो माझा शेरा होता.

दुसऱ्या दिवशी मी सरांना फोन केला. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘म्हणजे बाकीची शून्येही पुन्हा तपासावी लागणार.’ तपासली. सगळ्या ध्वनिमुद्रणांना सात महिने लागले. सगळीच शून्ये अशी निघाली नाहीत, हेही सांगितले पाहिजे. कित्येक मुलांना खरोखरच काही कळले नव्हते, काही नुसती दमली होती, एकाला शाळेबाहेर उभ्या असलेल्या काकाची घाई होती. पण जी उत्तरे अशी निघाली, त्यांनी माझे गुणदान मोडीत काढले. आकलनाचा एकच रकाना होता, त्याचे दोन झाले : उताऱ्यातला अर्थ लागला का, आणि मुलाने काही सुसंगत अर्थ लावला का.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि दुसऱ्या फेरीचे क्षेत्रकार्य बुडाले. यंत्रमाग थांबले, काही कुटुंबे तेलंगणातल्या मूळ गावी गेली, काही मुले परतली ती थेट पाचवीत. ते दिवस लिहिण्यात घालवावेत असे सगळे सुचवत होते. मी ते बहुतांशी रेशन आणि मोबाईलवरचे वर्ग यांतच घालवले.

प्रबंध मराठीत लिहायचा असा माझा हट्ट होता. नवी पेठेतल्या टंकलेखकाने चारशे पाने जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टंकलिखित केली, आणि साहित्यचौर्य तपासणीच्या वेळी कळले की यंत्रणेला तो फाँट वाचताच येत नाही. मजकूर युनिकोडमध्ये फिरवला. फिरवताना पहिल्या वेलांट्या शेजारच्या अक्षरावर सरकल्या, रफार भलत्याच अक्षराच्या डोक्यावर बसले आणि जोडाक्षरे सुटी झाली. मुद्रिते तपासता तपासता मध्यरात्री मला हसू आले. दुसऱ्या प्रकरणात मी लिहिले होते की वेलांटी डोळ्यांना आधी दिसते आणि उच्चारात नंतर येते, रफाराचे नेमके उलट, म्हणून मुले तिथे अडखळतात; संगणक नेमका तिथेच अडखळला होता. त्याला मात्र कोणी शून्य दिले नाही. पुढचे तीन महिने मी एकेक वेलांटी जागेवर आणली. तपासणीत दहा टक्क्यांच्या आत साम्य निघाले, तेही मुख्यतः नियमावलीतल्या उताऱ्यांचे.

प्रबंध सादर करण्याआधी संशोधनपत्रिकेत लेख छापून आणण्याची अट होती. एका नियतकालिकाने लेख न वाचताच दोन दिवसांत स्वीकारला आणि सोबत शुल्काचा आकडा पाठवला. मी पैसे भरले नाहीत, यात तत्त्वनिष्ठेपेक्षा त्या आकड्याचा वाटा मोठा होता. दुसऱ्या एका मासिकाने अकरा महिन्यांनी उत्तर दिले, पण परीक्षकाने लेख ओळ न्‌ ओळ वाचलेला होता. त्यांच्या सूचनेवरूनच ‘घरची भाषा’ आणि ‘मातृभाषा’ हे शब्द मी वेगळे वापरायला शिकले.

खुल्या मौखिकीला सभागृह निम्मे भरले होते. गुरुजी पहिल्या रांगेत बसले होते, इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात. बाह्य परीक्षकांनी न्यादर्श, साधनांची विश्वसनीयता, मर्यादा असे ठरलेले प्रश्न विचारले आणि मग चौथे प्रकरण उघडले. ‘निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत साक्षरता अभियानाचे लक्ष्य तुम्ही उद्‌धृत केले आहे,’ ते म्हणाले. ‘तिसरीअखेर मुलाने अपरिचित मजकूर मिनिटाला किमान साठ शब्द या गतीने, अर्थ समजून वाचावा. तुमची ही मुलगी गतीत बसते. मग ती निपुण की नाही?’

मी दोन रकान्यांचा तक्ता दाखवला. एका रकान्यात शून्य, दुसऱ्यात पूर्ण गुण.

‘ते पाहिले. पण शाळेच्या अहवालात रकाना एकच असतो. त्यात काय भराल?’

मी म्हणाले की एकच आकडा द्यायचा असेल तर तो देण्याआधी तिची भाषा जाणणाऱ्याला विचारावे लागेल. ‘प्रत्येक शाळेत गुरुजी कुठून आणणार?’ त्यांनी विचारले. सभागृहात हशा पिकला. माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि मी तसेच सांगितले. त्यांनी मान हलवली आणि पाचव्या प्रकरणात ही मर्यादा स्पष्ट लिहावी, अशी दुरुस्ती सुचवली. ती दीड पानांत केली. प्रबंधातला तेवढाच भाग मी एका बैठकीत लिहिला.

पदवी मिळाली तरी शाळा तीच आहे आणि वर्गही पहिलीचाच. दर महिन्याच्या चाचणीचे पत्रक येते, त्यात आकलनासाठी अजून एकच चौकोन आहे. शाईने मी त्यात जो भरायचा तो आकडा भरते आणि मुलाने नेमके काय उत्तर दिले ते शेजारच्या समासात पेन्सिलने लिहून ठेवते. समास अरुंद आहे. गेल्या महिन्यात एका कन्नडभाषक मुलाचे उत्तर कागदाच्या पाठीमागे न्यावे लागले, आणि ते कोणाकडून समजून घ्यायचे याची चौकशी अजून चालू आहे.